भुलीआधीचे प्रश्न

टिळकवाडी, बेळगाव
बुधवार, ५ मार्च २०२५

चि. रवळू,

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, मनातून आत्ता येत नाही. फोन करत नाही, कारण फोनवर तू ओरडतोस आणि तू ओरडलास की मी गप्प बसते. कागदावर निदान माझं बोलून होईल.

तुझी सौम्या जिवंत आहे. हे आधी लिहिलं, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

तिचं काम काल व्हायचं होतं, ते झालं नाही. निपाणीच्या तपासणी शिबिरात तिच्या गर्भपिशवीच्या तोंडावर खराब पेशी सापडल्या, हे तुला शनिवारी फोनवर सांगितलंच होतं. कॅन्सर नाही, पण तसंच ठेवलं तर पुढं होऊ शकतो. म्हणून तेवढा पापुद्रा तारेच्या कडीत करंट सोडून काढून टाकायचा. दहा मिनिटांचं काम. बहुतेक बायकांना पुरती भूल लागतही नाही. जागेवर सुन्न करायचं इंजेक्शन देतात, बाई जागीच असते, संध्याकाळी घरी जाऊन चहा करते. मी इथं चौदा वर्षं थिएटरची सिस्टर आहे. अशा कितीतरी जणी टेबलावरून उतरून चालत रिक्षात बसलेल्या मी बघितल्यात.

सौम्याला भुलीचा त्रास झाला. श्वास अडकला. घशात नळी घातली आहे, आमच्याच आयसीयूत आहे, दोन-तीन दिवसांत नळी निघेल. भुलीत असं होतं कधीकधी. मी सगळ्यांना हेच सांगितलंय, तिच्या माहेरी खानापूरलाही हेच कळवलंय. तूही कुणी विचारलं तर हेच सांग.

तिच्या गळ्याचं मी बघितलंय. त्यावर नंतर बोलू. आत्ता इकडं येऊ नकोस. टेम्पोवर जा, काम कर, त्या भरमू आणि शामूबरोबर प्यायला बसू नकोस. मी आहे इथं, मी निभावून नेते. तुझं सगळं मीच निभावत आलेय.

तुझी आक्का


टिळकवाडी, बेळगाव
शनिवार, ८ मार्च २०२५

रवळू,

हे पत्र हवालदारांच्या हाती देतेय. आधी साहेब वाचतील, मग तुला देतील म्हणाले. वाचू देत.

काल तू सकाळी अकरालाच पिऊन दवाखान्यात आला होतास, त्यामुळं तुला किती आठवतंय कोण जाणे. म्हणून लिहिते. भरमू आणि शामू तुझ्या मागं होते. नागेंद्र डॉक्टर, आमचे भूल देणारे, आपल्या गाडीतून नुकतेच उतरत होते. तू त्यांची कॉलर धरलीस आणि ओरडलास, "भूल देऊन मारालास व्हय रं माझ्या बायकूला?" त्यांनी हात वर केले. तू हेल्मेट काढून त्यांच्या तोंडावर मारलंस. ते खाली पडले तेव्हा शामूनं त्यांच्या डाव्या हातावर पाय दिला आणि तू त्याच हातावर हेल्मेट आपटलंस. एकदा नाही. मी पायऱ्यांवरून बघत होते, पाचवर मोजायचं सोडलं. डाव्या हातात भूल देणारा माणूस घशात बघायचा दिवा धरतो. तीन बोटं मोडली आहेत आणि एक पेर चेपलंय, सरळ होईल की नाही सांगता येत नाही.

आणि तुझ्या दुसऱ्या हातात माझं पत्र होतं. तू ते सगळ्या पेशंटसमोर नाचवत होतास. "माझी आक्का हितं सिस्टर हाय. तिनं लिवून दिलंय, भुलीचा त्रास झाला म्हणून! वाचा की!"

रक्ताच्या गुळण्या टाकत ते डॉक्टर काय म्हणाले, ते ऐकलंस का? म्हणाले, "मला मारा, पण वर जाऊ नका. नळी ओढू नका तिची." तुझ्या बायकोची काळजी त्या जमिनीवर पडलेल्या माणसाला होती.

मग तू वर आलास. आयसीयूच्या दारात मी होते. तू म्हणालास, "सर आक्का, घरला न्हेतो तिला." मी सरले नाही. तू माझ्या कानाखाली मारलीस, माझं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, अजून टेंगूळ आहे. तू दार ढकललंस तेव्हा ऑक्सिजनच्या सिलिंडरचा पाना हाताला लागला आणि मी तो तुझ्या खांद्यावर घातला. गळपट्टीचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं. तू लहान असताना तुला खरचटलं तरी मला रडू यायचं, काल नाही आलं. अजून एक मारावा असं वाटलं होतं, पण तू खाली बसलास.

आता मंगळवारचं ऐक. त्या डॉक्टरनं काही केलेलं नाही. केलं ते तू आणि मी.

करंटवर काम असतं म्हणून अंगावर धातू ठेवत नाहीत. जोडवी, कानातलं, मंगळसूत्र सगळं काढायचं. मीच तिचे मणी काढले. मण्यांच्या खाली तुझी बोटं होती. एका बाजूला चार, एका बाजूला अंगठा, आणि अंगठ्याखालची जागा जांभळी होऊन फुगलेली. मी विचारलं, "कवा?" तिनं बोटानं दाखवलं, दोन दिवस. आवाज फुटत नव्हता, नुसती हवा येत होती.

मी काय करायला हवं होतं? डॉक्टरना हाक मारायची, एवढंच. तिथं ते दहा पावलांवर होते. मी काय केलं? वॉर्डातलं खाजेवरचं कॅलामाइन आणून तिच्या गळ्याला फासलं, गाऊनच्या नाड्या वरपर्यंत बांधल्या, आणि तिला म्हणाले, "इच्चारलं तर घामोळं आलंय म्हण. आज काम उरकून घिऊया, मग रवळूला मी बघते."

भूल लागो न लागो, नागेंद्र डॉक्टर प्रत्येक पेशंटला आधी तपासतात. उपाशी आहे का, कसली ॲलर्जी, दात हलतो का, तोंड किती उघडतं. सौम्यानं तोंड उघडलं. गळ्याला काय लावलंय विचारलं, मी म्हणाले, घामोळं. मग ते म्हणाले, मान मागं टाका. ती टाकताना कळवळली. त्यांनी विचारलं, "दुखतं का?" तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "वखारीत डोक्यावर बोजे उचलतात, मान धरलेली असते." त्यांनी विचारलं, "आवाज कधीपासून असा?" मी म्हणाले, "डॉक्टर, तंबाखूच्या वखारीत निवडायला बसते ती. निपाणीच्या बायकांचा आवाज असाच. वर्षं झाली."

ते हसले. कन्नड माणूस, पण निपाणीत वाढलेला. म्हणाले, आमच्या शेजारच्या बायका पण अशाच खाकरायच्या. दुसऱ्या कुठल्या गावच्या डॉक्टरनं दोन प्रश्न जास्त विचारले असते. यांना तंबाखूची धूळ ठाऊक होती, म्हणून त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. शेवटी त्यांनी सौम्यालाच विचारलं, "गिळायला त्रास? घशाला कधी मार?" मी त्यांच्या पाठीमागं उभी होते. मी मान हलवली, नाही म्हण. तिनं माझ्यासारखी मान हलवली. त्यांनी कागदावर तसं लिहिलं.

जागेवरच सुन्न करायचं ठरलं होतं. ते झालं असतं तर हे कुणाला कळलंही नसतं. पण टेबलावर घेतल्यावर आयानं तिचे घोटे धरले आणि सौम्या लाथा झाडायला लागली. धरू नका, धरू नका, असं त्या हवेच्या आवाजात म्हणत होती. तिला कोण कसं धरतं हे तुला माहीत. काम करणाऱ्या चिन्मयी मॅडम म्हणाल्या, हलली तर तार भलतीकडं लागेल, थोडं झोपवू या. नागेंद्र डॉक्टरांनी शिरेतून औषध दिलं.

दोन मिनिटांत तिच्या घशातून शिट्टी वाजायला लागली. मग शिट्टीही थांबली. छाती वर यायच्या ऐवजी आत ओढली जात होती. मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा सत्त्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, एकाहत्तर. डॉक्टरांनी मास्क दोन्ही हातांनी दाबला, हवा आत जाईना. दिवा घालून बघितलं आणि ते ओरडले, "काय आहे हिच्या घशात? सगळं सुजलंय, काळं पडलंय!" नेहमीची नळी जाईना, त्याहून बारीकही जाईना. लहान मुलाला घालतात ती मागितली. आकडा एक्केचाळीस झाला. तिसऱ्या वेळी नळी आत गेली.

मग त्यांनी गाऊनच्या नाड्या सोडल्या. स्पिरिटच्या बोळ्यानं कॅलामाइन पुसलं. माझ्याकडं न बघता म्हणाले, "सिस्टर, हे घामोळं आहे?"

हे सगळं मी काल पोलिसांना सांगितलं. माझं नाव घालून, कॅलामाइनसकट. तुझ्या हातातलं पत्र त्यांनी मला दाखवलं. मी म्हणाले, अक्षर माझं, मजकूर खोटा.

तुझी आक्का


बेळगाव
मंगळवार, १८ मार्च २०२५

रवळू,

तू हिंडलग्याच्या जेलात आहेस आणि भरमू जामिनावर सुटला. तो परवा माझ्या दारात येऊन उभा राहिला. तुझा निरोप म्हणाला: "आक्काला म्हणावं, येवढंच सांग, डॉक्टरनं भूल जास्त दिली. आक्का माझ्या इरोधात जायची न्हाय." मी त्याच्या तोंडावर दार लावलं. पण उत्तर तुलाच द्यायला हवं.

सौम्याची नळी आठ तारखेला संध्याकाळी निघाली. आवाज आला नाही. घशातली एक बाजू हलत नाही, कदाचित येईल, कदाचित असाच राहील. तिचा जबाब घ्यायला बाई पोलीस आली होती. सौम्याच्या ओठांना कान लावून बसली आणि एकेक वाक्य मोठ्यानं म्हणून लिहून घेत होती. म्हणून मला ऐकू आलं.

रविवारी दुपारी ती भाकऱ्या थापत होती. तू रिपोर्टचा कागद घेऊन आलास. "कुणाकडनं आणलीस ही घाण? आक्का म्हणाली, ही पुरुषाकडनंच येतीया." ती म्हणाली, तुमच्याशिवाय कोण हाय मला. तू पिठाची काटवट उडवलीस. तिचं डोकं चुलीच्या कट्ट्यावर धरलंस आणि विचारत राहिलास. नाव सांग, नाव सांग. तिच्याकडं नाव नव्हतं म्हणून तू गळा धरलास. तिनं सांगितलं की शेवटी तिनं एक खोटंच नाव घेतलं, वखारीतल्या एका म्हाताऱ्या मुकादमाचं, सुटायला. त्यावर तू अजून दाबलंस. तव्यावरची भाकरी जळून धूर झाला आणि शेजारीण ओरडली, तेव्हा सोडलंस.

ते वाक्य माझं होतं, रवळू. मी तुला फोनवर सांगितलं होतं की या पेशी ज्या विषाणूनं खराब होतात, तो संबंधातून येतो. पुढं सांगणार होते की तो अंगात वर्षानुवर्षं गप्प बसतो, आणि लग्नाच्या बाईला बहुतेक वेळा नवऱ्याकडूनच आलेला असतो. ते ऐकायला तू थांबला नाहीस, फोन ठेवलास. तुझ्या स्वभावाला अर्धं वाक्य पुरतं, हे मला माहीत असायला हवं होतं. टेम्पो घेऊन तू कुठं कुठं मुक्काम करतोस, तेही मला माहीत होतं.

मी तिला का नाही वाचवलं, हे मला सगळे विचारतात. चिन्मयी मॅडमनी विचारलं, खानापूरहून आलेल्या तिच्या आईनं माझे खांदे धरून गदागदा हलवून विचारलं. तुला उत्तर ठाऊक आहे. बेळगुंदीला बाबा आईला पट्ट्यानं मारायचे तेव्हा मी तुला भाताच्या कणगीमागं घेऊन बसायची आणि तुझे कान झाकायची. तू बोटांच्या फटीतून बघायचास. आईची बरगडी मोडली तेव्हा गल्लीत सांगायला बाबांनी मलाच पाठवलं, आई विहिरीच्या पायऱ्यांवर पडली म्हणून. मी तेरा वर्षांची होते. इतकं बेमालूम सांगितलं की शेजारणींनी पायऱ्यांवरचं शेवाळ घासून काढलं. तेव्हापासून मला हे काम येतं. मारायला तू शिकलास आणि झाकायला मी, आणि दोघेही आपापल्या कामात चांगले निघालो.

मी डॉक्टरच्या विरोधात बोलणार नाही. निरोप पाठवू नकोस.

आक्का


बेळगाव
गुरुवार, ३ एप्रिल २०२५

रवळू,

तुझं पत्र मिळालं. तू लिहिलंस की आईची शपथ, बाहेर आलो की तिला फुलासारखी जपीन. आणि त्याच पानावर लिहिलंस की ती कुठं राहते ते कळव. दोन्ही वाक्यं मी दोन-दोनदा वाचली. ती कुठं राहते ते मी लिहिणार नाही, मला विचारूही नकोस. माझ्याजवळ नाही, एवढं समज.

तिचं काम परवा झालं. माझी नोकरी गेली आहे, त्यामुळं मी थिएटरच्या बाहेर बाकावर होते. नोकरी असती तरी तिनं मला आत घेतलं नसतं. मॅडमनी विचारलं होतं, सिस्टर जवळ असू देत का? ती म्हणाली, "नको. त्या भाईरच बऱ्या." नागेंद्र डॉक्टर प्लास्टरच्या हातानं आले होते. भूल द्यायची नव्हती, तरी आले. मी उठून उभी राहिले. ते माझ्यासमोरून सरळ आत गेले, आणि मला ते बरोबरच वाटलं.

आयानं नंतर सांगितलं की सौम्यानं दोनच गोष्टी मागितल्या. पाय कुणी धरायचे नाहीत आणि दर वेळी आधी सांगायचं. मॅडमनी सांगून सांगून सुन्न केलं, सांगून तार लावली. ती छताकडं बघत आकडे म्हणत होती, मधे थांबली नाही, हललीही नाही. तुकडा बरणीत घालून तपासायला गेला.

सोमवारी मॅजिस्ट्रेटसमोर माझा जबाब आहे. तुझा वकील मला भेटून गेला. म्हणाला, "सिस्टर, भावाला वाचवायचं तर अजून वेळ आहे. भुलीचे धोके असतातच, तुम्ही थिएटरमधल्या, तुमच्या शब्दाला वजन आहे." गोड बोलणारा माणूस आहे. त्याला मी पाणी दिलं आणि पाठवून दिलं. माझ्या शब्दाला किती वजन आहे, ते आता तुला सांगते. हे पोलिसांना अजून सांगितलेलं नाही.

टेबलावर तिचा आकडा एक्केचाळीसवर आला, तेव्हा दोनदा नळी फसली होती. मॅडम म्हणाल्या, "चाकू द्या, गळ्यावर छेद घेते." चाकू माझ्या ट्रेमध्ये होता. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. अकरा वाजून बावीस मिनिटं. पेशंट गेली की वेळ लिहावी लागते, तसं बघितलं. आणि तेवढ्यात मनात आलं, ही आत्ता गेली तर भुलीनं गेली म्हणतील. चार माणसं येतील, डॉक्टरला शिव्या देतील, काचा फोडतील. गळ्याकडं कुणी बघणार नाही. माझा रवळू सुटला.

मला हायसं वाटलं. खोटं कशाला लिहू? हायसं वाटलं. मॅडमना चाकू दुसऱ्यांदा मागावा लागला. मी तो हातात घेतला होता, पण दिला नव्हता. मग नळी गेली आणि तो लागला नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. नागेंद्र डॉक्टरांचा हात तेव्हा चालला नसता, तर तू गळा धरून सुरू केलेलं मी उभ्या उभ्या पुरं केलं असतं. तुझ्यावर माझा जीव होता, रवळू. अजून आहे. त्याची मला भीती वाटते.

हे सोमवारी मी जबाबात घालणार आहे. माझ्यावर जी कलमं लागायची ती लागोत.

पण आधी सौम्याला सांगायला हवं होतं. परवा काम झाल्यावर ती बाहेर येऊन बाकावर माझ्या शेजारी बसली, मधे हातभर जागा सोडून. मी चहा आणला होता. तिनं घेतला. मी सगळं सांगितलं. घड्याळाचं, चाकूचं, हायसं वाटल्याचं. ती रडली नाही, ओरडायला तर तिच्याकडं आवाजच नाही. कप अर्धा ठेवला, माझ्याकडं वळली आणि त्या हवेच्या आवाजात सावकाश म्हणाली,

"म्हंजे तुम्ही दोघांनी मिळून दाबलासा माझा गळा."

मी व्हय म्हणाले.

आक्का